नोंद झाली, पुढे काय?

सरदार सरोवराच्या भिंतीला सर्वांत जवळ असलेलं महाराष्ट्रातलं गाव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. त्यामुळे राज्यात पाणी पहिल्यांदा इथेच चढलं. 1993 च्या पावसाळ्यात घरं बुडाली तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेलाही नव्हता. मणिबेली धुळे जिल्ह्यात होती. पुढच्याच वर्षी जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा पुरवणाऱ्या जागतिक बँकेविरुद्ध निवेदन काढलं. ते आजही 'मणिबेली जाहीरनामा' म्हणून ओळखलं जातं.

मोजणी म्हणजे काय, हे या गावाने फार जवळून पाहिलं आहे. धरणाआधी मोजणीदार आले, पाणीपातळीचे दगड रोवले गेले, घरांची, माणसांची, झाडांची गणती झाली. लोकांनी ती अडवली, कारण मोजून झालं की उठवणार, हे त्यांना कळत होतं. पण यादीबाहेर राहणंही परवडणारं नव्हतं. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार बाधित खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची होती आणि सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरायचं होतं. साहजिकच ज्याचं नाव राहिलं, त्याची जमीनही राहिली. 'घोषित' आणि 'अघोषित' हे दोन सरकारी शब्द नर्मदाकाठच्या बायाबापड्यांच्या तोंडी रुळले ते यामुळे. देशातली पहिली आधार कार्डंही 29 सप्टेंबर 2010 रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली गेली.

अशा मुलखात आता आणखी एक कार्ड येतं, सिकलसेलचं. आशाताई किंवा आरोग्यसेविका बोटाला सुई टोचते, नाव लिहून घेते आणि पुढे केव्हातरी कार्ड हाती पडतं. या कार्डाबद्दल लिहायचं तर आधी, आजारी नसलेल्या माणसाला तपासावं ही कल्पना कुठून आली ते पाहायला हवं.

ती फार जुनी नाही. वैद्य असो, डॉक्टर असो की भगत, दुखणं घेऊन माणूस त्याच्याकडे जायचा. दुखणं नसताना त्याने आपल्याकडे यावं ही अपेक्षाच नव्हती. 1861 मध्ये लंडनच्या होरेस डोबेल या छातीरोगतज्ज्ञाने मांडलं की रोग दिसू लागण्याच्या कितीतरी आधी शरीरात बिघाड सुरू होतो, म्हणून माणसांची ठरावीक काळाने तपासणी व्हावी. वैद्यकाने तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी, कारण विमेदार जितका जास्त जगेल तितका त्यांचा फायदा. तिथून वर्षाकाठी तपासणीची चाल पडली आणि कालांतराने ती शहाणपणाची खूण ठरली.

या उत्साहाला शिस्त लावली ती 1968 मध्ये. ब्रिटनच्या आरोग्य खात्यातले जेम्स विल्सन आणि स्वीडनचे गुन्नर युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातल्या दहा कसोट्या आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवल्या जातात. सगळ्या सांगत बसत नाही. त्यांचा रोख एवढाच, की ज्याच्यावर मान्य उपचार आहे आणि तो देण्याची सोय आहे, तोच आजार शोधायला निघावं. आणि शोध एकदा घेऊन संपत नाही, तो चालू ठेवावा लागतो. म्हणजे 'तपासता येतं का' हा प्रश्न मागे पडून 'तपासून त्या माणसासाठी काय करणार आहात' हा प्रश्न पुढे आला. याच विचाराने कॅनडाच्या तज्ज्ञगटाने 1979 मध्ये सरसकट वार्षिक तपासणी सोडून द्यायला सांगितलं आणि वय व धोका पाहून मोजक्याच तपासण्या कराव्यात अशी शिफारस केली. पुण्या-मुंबईत वाढदिवसाची भेट म्हणून 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज देणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही. तिथे गरज नसताना डझनांनी चाचण्या होतात आणि मणिबेलीत हव्या त्या होत नाहीत. दोन्हीकडे कसोटी एकच लागू पडते आणि दोन्हीकडे ती मोडली जाते.

सिकलसेलला ही कसोटी लावताना मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते.

या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. हाडं ठणकतात, प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग पटकन बळावतो. पण हे होतं दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तर. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक असतो आणि सहसा ठणठणीत जगतो. उलट 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, ते याच कारणाने. सातपुडा त्याच पट्ट्यातला. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला तो 1952 मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी अनेक वर्षं आदिवासी भागांत सर्वेक्षणं केली. त्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळलं. इतक्या लोकांच्या अंगात असलेल्या गोष्टीला रोग म्हणणंच अवघड.

आणि इथेच जगाची पहिली चूक झाली. लायनस पॉलिंग हे मोठे शास्त्रज्ञ. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे 1949 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. दोन नोबेल मिळवलेल्या या माणसाने 1968 मध्ये, म्हणजे विल्सन-युंगनर यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगलाच होता. गोंदणं झालं नाही. पण 1971 पासून अमेरिकेतल्या एकेका राज्याने तपासणी सक्तीची केली आणि कागदी गोंदण झालं. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट कळला नव्हता. धडधाकट कृष्णवर्णीय माणसांना विमा आणि नोकरी मिळताना अडचणी आल्या. वायुदलाच्या अकादमीचं दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होतं.

मला त्याहून बोलकं वाटतं ते ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावाचं. तिथे जवळजवळ चौथा हिस्सा माणसं वाहक होती. संशोधकांनी गाव तपासलं, समजावून सांगितलं, वाहकाने वाहकाशी लग्न टाळावं असा सल्ला दिला. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तर वाहक-वाहक लग्नं सल्ला न देता झाली असती तेवढीच झालेली. लग्नं बहुतेक ठरवून होत. वाहक मुलीचं लग्न मोडू नये म्हणून घरच्यांनी निकाल लपवला होता. गावातली आजारी मुलं काही कमी झाली नाहीत. कमीपणा तेवढा नव्याने आला. तपासणी बरोबर होती, सल्लाही शास्त्राला धरून होता. फक्त लग्न कोण ठरवतं आणि कशाच्या भीतीने ठरवतं, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं.

कल्पनेला खरं वळण मिळालं ते 1986 मध्ये. अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत दिसलं की सिकलसेल झालेल्या लहान मुलांना रोज तोंडाने पेनिसिलीन दिलं तर जीवघेणे संसर्ग कमालीचे घटतात, 80 टक्क्यांहून जास्त. पुढच्याच वर्षी नवजात बाळांच्या तपासणीची शिफारस झाली. तोवर तपासून हाती काय लागत होतं, तर भीती. आता एक साधं, स्वस्त औषध हाती आलं. पुढे 1995 मध्ये हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात हेही सिद्ध झालं. रुग्णाच्या बाबतीत विल्सन-युंगनर यांची कसोटी अशी वीस-पंचवीस वर्षं उशिराने पार पडली. वाहकाच्या बाबतीत ती आजही पार पडत नाही, कारण वाहकाला उपचारच नाही, आणि लागतही नाही. त्याला मिळते ती फक्त माहिती. म्हणून त्याच्याशी जे बोलणं होतं तोच त्याचा उपचार. ते बोलणं झालं नाही तर सुई टोचलीच कशाला?

महाराष्ट्राने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम 2008 च्या सुमारास हाती घेतला. केंद्राचं अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला जाहीर झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट. सात कोटी हा आकडा वरून खाली येताना जिल्ह्याचा होतो, तालुक्याचा होतो, मग उपकेंद्राचा. आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असा नियम आहे, पण सातपुड्यात तीन हजार माणसं म्हणजे किती डोंगर, किती पाडे, हे त्या नियमात कुठे येत नाही. नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या गावांना तरंगता दवाखाना आणि बोट अ‍ॅम्ब्युलन्स द्यावी लागली, ती उगाच नव्हे.

चाचणी पाहायला सोपी आहे. परीक्षानळीत रसायनाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब. थोड्या वेळाने नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा आरपार दिसल्या तर प्रश्न मिटला. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेल आहे. पण वाहक की रुग्ण, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते आणि ती पाड्यावर होत नाही. मधल्या दिवसांत त्या आईला काय सांगितलं जातं? 'रक्तात दोष निघाला' एवढंच तिच्या कानी पडलं, तर ती तेवढ्यावरच पुढचे कित्येक दिवस काढणार. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी उपयोगी नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असल्याने ती फसवते. आणि पेनिसिलीनचा फायदा तर त्या कोवळ्या वयापासूनच सुरू होतो. म्हणजे ज्याला तपासणीचा सर्वांत जास्त उपयोग, नेमकं तेच बाळ सोप्या चाचणीच्या आवाक्याबाहेर. माझं मत विचाराल तर सात कोटींत पहिला हक्क या बाळांचा, विशेषतः ज्यांच्या आया गरोदरपणी वाहक निघाल्या त्यांच्या बाळांचा. दुसरा आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलामुलींचा. पस्तिशीतल्या, चार मुलांच्या बापाला 'तू वाहक आहेस' हे सांगून नेमकं काय साधणार, याचं उत्तर आधी तयार असावं. उत्तर आहेच, त्याच्या मुलांना तपासायचं. मग तेवढं करा. नुसता त्याचा आकडा वर पाठवू नका.

लग्नाच्या सल्ल्याबद्दल. 'कुंडली नको, कार्ड जुळवा' असा प्रचार जोरात आहे. वाक्य चटपटीत आहे, पण सातपुड्यात कुंडली जुळवतं कोण? भिल्ल समाजात एका कुळात लग्न करायचं नाही हा नियम आहे, देज ठरवायला पंच बसतात आणि अनेकदा पोरंपोरी आधी एकत्र राहू लागतात, रीतभात नंतर होते. तेव्हा कार्ड दाखवायची वेळ पत्रिका पाहण्याच्या वेळेवर बेतली तर ती चुकणारच. ती आधीची हवी, शाळेतली. आणि गाव लग्नाचं जिथे बोलतं तिथे, म्हणजे पंचांशी आणि जाणत्या बायांशी बसून, कुळाचा नियम पाळणाऱ्या लोकांच्या समजुतीत ही गोष्ट बसवावी लागेल. दोन वाहकांचं लग्न हा गुन्हा नाही, हेही तिथेच सांगायला हवं. प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा आजारी मूल होण्याची शक्यता असते. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन बरी, असा हिशेब नसतो. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. एवढं समजून एखाद्या जोडप्याने गरोदरपणी तपासणी करून घ्यायचं ठरवलं, एखाद्याने नाही ठरवलं, तरी समुपदेशन झालं असं मी म्हणेन. समुपदेशन म्हणजे आपल्याला हवा तो निर्णय घ्यायला लावणं, अशी समजूत सरकारी कार्यक्रमांत फार आहे. कुटुंब नियोजनाच्या काळापासूनची ती खोड आहे.

मणिबेलीची आणखी एक अडचण तिची स्वतःची आहे. जनुक कुळातून चालतं. एक मूल रुग्ण निघालं की त्याची भावंडं, मग मामा, मावशी, काका यांना तपासायचं, ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत फळणारी रीत. पण धरणाने मणिबेलीची कुटुंबं विखुरली. काही काठावरच वर सरकली, काही गुजरातेत परवेट्याला वसवली गेली. सख्खे भाऊ दोन राज्यांत पडले. गुजरातचा सिकलसेल कार्यक्रम वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, दोघांची दप्तरं वेगळी. नातं मात्र तुटलेलं नाही. सणाला, लग्नाला, मयताला माणसं जातात-येतात. इथल्या बाळाचा निकाल तिथल्या मावशीपर्यंत न्यायचा तर तो पाहुण्यांच्या तोंडीच जाईल. आणि आईला आरोग्यसेविकेने जसं सांगितलं असेल, तसाच तो पलीकडे पोचेल. म्हणून तिच्या दिवसाला ठरवून दिलेल्या तपासण्यांच्या आकड्यातून थोडा वेळ कापून या बोलण्याला द्यायला हवा. आढावा बैठकीत किती बोटं टोचली हे विचारून झाल्यावर, गेल्या वर्षी सापडलेली रुग्ण बाळं आज कुठे आहेत आणि त्यांच्या घरी औषध कधी संपलं, हेही विचारलं जावं.