दोन बोअर

नगर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, दोन शेतकऱ्यांची शेतं बांधाला बांध लागून होती. दोघांच्याही संत्र्याच्या बागा. एका वर्षी पाऊस कमी झाला. पहिल्याची विहीर आटली. त्यानं बोअरची गाडी बोलावली. 300 फुटांवर पाणी लागलं. बाग तरली.

महिनाभरात दुसऱ्याची विहीर आटली. त्यानं 450 फूट बोअर घेतला. त्याला पाणी लागलं आणि पहिल्याच्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. पहिल्यानं बायकोची पोत गहाण टाकली आणि 600 फूट गेला. लाइट रात्री यायची. दोघं आपापल्या स्टार्टरपाशी जागत बसायचे. ज्याची मोटर आधी चालू, पाणी त्याचं. हळूहळू दोघांचं बोलणं बंद झालं.

दोघंही कष्टाळू होते, हे सांगायला हवं. दोघांनाही आपली झाडं जगवायची होती, इतकंच.

पुढच्या वर्षीही पावसानं दगा दिला. दसरा झाल्यावर पहिल्याची बायको म्हणाली, "हिवरे बाजारला माझी बहीण आहे. तिथंही आपल्यासारखाच पाऊस, सरासरी जेमतेम 400 मिलिमीटर. तरी तिच्या विहिरीला पाणी आहे. जाऊन या."

तो गेला, त्या दिवशी तिथं ग्रामसभा होती. गावात किती पाऊस पडला, ते मोजून लिहिलेलं होतं. त्यावरून पाण्याचा ताळेबंद वाचला गेला. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढलं. उरलं ते शेतीला. ते थोडंच होतं. यंदा गहू नको, ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं, असं ठरलं.

साडूच्या घरी आल्यावर त्यानं त्याला विचारलं, "तुमच्या विहिरीत तर पाणी दिसतंय. तुम्ही गहू का सोडता?"

साडू त्याला डोंगराकडं घेऊन गेला. उतारावर चरांमागून चर होते.

"1972 च्या दुष्काळानं गाव मोडलं. हा डोंगर आम्हीच बोडका केला होता. माणसं मजुरीला बाहेर गेली. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. मग गावानं श्रमदान केलं. चर खणले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाड बंद केली, मोकाट चराई बंद केली. गवत विळ्यानं कापून न्यायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. इथं मुरलेलं पाणी माझ्या विहिरीत उतरतं. चर सगळ्यांनी खणले, मग मी एकट्यानं कसं उपसू?"

"आमच्याकडं मी थांबलो, तर शेजारी उपसेल."

"मग आधी शेजाऱ्याकडं जा."

तो संध्याकाळी परतला. शेजाऱ्याच्या रानात बोअरची गाडी येऊन उभी होती. बोली 800 फुटांची होती. बांध ओलांडून हा त्याच्याकडं गेला. शेजारी उठला नाही. हा त्याच्याजवळ मातीतच बसला.

"तू 800 गेलास की मी 1,000 जाणार," तो म्हणाला. "मग पुन्हा तू. एकाच रांजणात दोघं नळ्या घालून बसलोय आपण. गाडी परत लाव. माझ्या बोअरचं पाणी दोघं घेऊ."

"पुरेल?"

"निम्म्या निम्म्या बागेला पुरेल."

शेजारी बराच वेळ झाडांकडं बघत राहिला. मग उठला, गाडीवाल्याच्या हातात येण्याजाण्याचे पैसे ठेवले आणि त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी बागेतली निम्मी झाडं काढली. सुकत चाललेली होती, तरी शेजाऱ्याचा हात मधूनच थांबत होता. उरलेल्या झाडांच्या आळ्यांत त्यांनी पालापाचोळा पसरला. दुपारी शेजाऱ्याची म्हातारी आई दोघांची भाकरी घेऊन आली. वाढता वाढता म्हणाली, "जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं, बाबांनो. ते मोजून आणि मिळूनच वापरावं लागतं."

जेवून दोघं सरपंचाच्या घरी गेले. पुढच्या ग्रामसभेत पाण्याच्या हिशोबाचा विषय घ्या, असं त्यांनी सांगितलं. डोंगरावर चर खणायला येणाऱ्यांची यादी करायची ठरली. पहिली दोन नावं त्यांनी आपलीच लिहिली.