राखेची साक्ष

धारच्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीत आजीचा टाचा घासायचा एक दगड असे. आम्ही त्याला वज्री म्हणत असू, शेजारच्या भाभी झाँवा म्हणत. बादलीत टाकला की तो तरंगे, आणि दगड तरंगतो कसा याचे आम्हां मुलांना भारी नवल वाटे. पुढे कळले की तो ज्वालामुखीचा फेस. शिलारसातले वायू उसळून बाहेर पडताना रस फुगतो आणि तसाच थिजतो. शास्त्रज्ञ त्याला प्यूमिस म्हणतात.

ज्वालामुखी बेटाची बखर लिहायला तेथे कुणी बसलेले नसते. ती या फेसाच्या आणि राखेच्या थरांतूनच वाचावी लागते. तोंडाजवळ थर जाड आणि खडे मोठे. जसजसे दूर जावे तसतशी नुसती बारीक राख. दोन थरांमध्ये मातीचा पट्टा सापडला, तर तेवढा काळ डोंगर शांत होता, तेथे झाडे-झुडपे रुजली होती, असे समजायचे. आपल्या माळव्याच्या काळ्या पाषाणातही दोन लाव्हांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अग्नितांडवातली ती विश्रांतीची स्थळे आहेत.

पण बेटाची साक्ष बेटावरच राहते असे नाही. सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला. आज त्या जागी शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याची राख समुद्र ओलांडून भारतभर पसरली. तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातही ती सापडते.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गाव आहे. तेथे अशीच राख मिळाली आणि तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी अवजारे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. केवढा आनंद! महाराष्ट्रातला माणूस इतका प्राचीन! पुढे दुसऱ्या रीतीच्या मोजणीत ते ६ लाख ७० हजारांवर आले. तर राखेतल्या सूक्ष्म काचकणांचे रसायन पाहणाऱ्यांनी सांगितले, ही तोबाची ७४ हजार वर्षांपूर्वीचीच राख. वाद वर्षानुवर्षे चालला. नदी काठ खणते, जुने-नवे एकत्र कालवते आणि दुसरीकडे नेऊन टाकते. त्यामुळे राखेशेजारी पडलेले अवजार राखेच्याच वयाचे, असे म्हणता येत नाही.

प्राचीनतेचा मोह कुणाला नसतो? आपले घराणे जुने, आपले गाव जुने, हे सांगताना आपलाही आवाज चढतोच. बोरीची अवजारे घडवणारा माणूस काही उठून सांगणार नाही की, बाबांनो, चुकलात. मग जो जाब विचारू शकत नाही, त्याच्याशी खरे वागायचे ते का? माझ्या मते खरेपणाची कसोटी तेथेच लागते. समोरच्याशी आपण निम्मे भीतीने खरे वागतो. मेलेल्याशी खरे वागतो ते केवळ खऱ्यासाठी. हातचे १४ लाखांचे मोठेपण पुन्हा तपासायला काढणे, हे मला म्हणूनच पराभवासारखे वाटत नाही.

जाब न विचारू शकणारे आणखीही आहेत. ते अजून जन्मायचे आहेत.

आमच्या कितीतरी घरांतली मुले पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. १९८४ च्या डिसेंबरात ज्या कारखान्यातल्या वायूने भोपाळ हादरले, त्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपुरी आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले. अखेर उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जून २०२५ च्या अखेरीस जाळून संपला. संपला म्हणजे काय? जाळताना चुना मिसळावा लागतो. त्यामुळे मागे उरलेली राख कचऱ्याहून जड, आठशे टनांच्या वर. ती पुरायची कुठे आणि तिच्यावर लक्ष कुणी ठेवायचे, हा प्रश्न मागे राहिलाच.

तोबाच्या डोंगराला काही ठाऊक नव्हते. त्याच्या राखेचा दोष कुणाच्या माथी मारता येत नाही. आपल्याला मात्र सारे ठाऊक आहे: राखेत काय आहे, ती कुठून आली, कुणाच्या शेताजवळ चालली. माळव्यात उद्या विहीर खणणाऱ्याला आपण काचकण तपासत बसायला लावायचे, की आजच स्वच्छ अक्षरांत नोंद ठेवून, ती गावकऱ्यांना वाचू देऊन आणि राखेवर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवून जायचे?

वज्री हातात घेतली की हलकी लागते. पीथमपूरच्या राखेचे ओझे तसे नाही.