छप्पर उघडणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२



गेल्या पावसाळ्यात आम्ही निपाणीकडील काही कुटुंबे मिळून गोकाकचा धबधबा पाहावयास गेलो होतो. घटप्रभा नदी तेथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. खडकावर उभे राहून आम्ही देवाच्या थोरवीचे गीत गाइले. परत गाडीपाशी आलो, तेव्हा गाडीतच बसून राहिलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "आवाज लई झ्याक ऐकू आला बघा." तंबाखूच्या वखारीत वर्षानुवर्षे बसून त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत. त्यांनी गाडीतच बसावे असे आम्हीच ठरविले होते; त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

कफर्णहूमातील पक्षघाती मनुष्याची वाट कोणी अडविली होती? शत्रूंनी नव्हे, रोमी शिपायांनी नव्हे. वचन ऐकावयास जमलेल्या लोकांनीच! ते वाईट नव्हते. फक्त त्यांची पाठ बाहेरच्या माणसाकडे होती.

त्या देशातील घरे आपल्याकडील माळवदासारखी, सपाट छपराची असत. चौघांनी ते छप्पर उकरले. घराचे नुकसान झाले, उपदेशात खंड पडला, बसलेल्यांच्या अंगावर मातीही पडली असेल. पण प्रभू रागावला नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. त्या चौघांनी एक शब्दही उच्चारल्याचे मार्काने लिहिलेले नाही. त्यांचा विश्वास त्यांच्या हातांत व खांद्यांत होता. आणि ज्याला आत यावयास वाट मिळाली नव्हती, तो आपली बाज उचलून सर्वांदेखत बाहेर गेला.

प्रत्येकाचे गुडघे बरे होतीलच असे नाही; परंतु वाट करून देणे आपल्या हाती आहे. डोंगरातील प्रत्येक खडक सपाट करावयाचा नाही. तो देवानेच घडविला आहे. पण उपासनामंदिराच्या पायऱ्या आपण बांधल्या आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी १ फूट उंचीला निदान १२ फूट लांबीची उतरण हवी, असे बांधकामाचे माप आहे. सार्वजनिक जागी अपंगांना सुलभपणे जाता यावे, असे २०१६ चा कायदाही सांगतो. कायद्याने सांगण्याआधी प्रीतीने सांगावयास नको होते काय?

पुढल्या सहलीच्या वेळी आम्ही आजींना आधी विचारले, "कोठे जाऊ या?" त्या म्हणाल्या, "धबधबा राहू द्या. चर्चच्या पायऱ्यांना धरायला एक कठडा करा की." इतकी वर्षे दर रविवारी त्या पायऱ्या आम्हीही चढत होतो!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ शिकविताना मुलांना मंदिराच्या दाराशी न्यावे आणि विचारावे, "येथून कोण आत येऊ शकणार नाही?" मुलांना ते चटकन दिसेल.

हे प्रभो, दारातील आमची गर्दी बाजूला सार, आणि आमची तोंडे बाहेर थांबलेल्यांकडे वळव. आमेन.