विमानातला माणूस



मागच्या महिन्यात घरभेटी करीत आम्ही शनिशिंगणापूरच्या बाजूला एका कुटुंबाकडे गेलो होतो. चहा होईपर्यंत सहज वर पाहिले, तर भिंतीवरच्या क्रुसासमोर, आढ्याला दोऱ्याने एक छोटे विमान टांगलेले. घरातल्या नववीच्या मुलाने सुट्टीत केलेले. पुण्याहून मामाने आणलेल्या खोक्यातले प्लॅस्टिकचे भाग ब्लेडने सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर होते ते. आई म्हणाली, "फादर, हात चांगला आहे पोराचा. पण हे माणसं मारायचं यंत्र. क्रुसासमोर टांगलेलं बरं का?" मुलगा मान खाली घालून बसला. त्याला पुढे हवाई दलात जायचे आहे. आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले. ते काहीच बोलले नाहीत. आम्हीही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

अशी प्रतिकृती बहुधा १:७२ या प्रमाणात असते. स्पिटफायरच्या पंखांची रुंदी सव्वाअकरा मीटर. ती साडेपंधरा सेंटिमीटर होते. माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा उरतो. हे वेड निव्वळ खेळातून वाढलेले नाही. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशी, स्पिटफायर विमानांनी दोन हरिकेन विमाने पाडली आणि एक तरुण वैमानिक ठार झाला. हरिकेनही ब्रिटिशांचीच होती. आपले कोण आणि परके कोण, हे आकाशात ओळखता आले नाही. पुढे १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख छोटी विमाने करून मागितली. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तिच्यावर सैनिकांची नजर तयार करायची होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही स्पिटफायर चालवली. तिथे जपानी विमानांवर लाल सूर्य असे, म्हणून आपल्या बाजूच्या विमानांवरील गोल खुणेतला लाल ठिपकाच काढून टाकला गेला.

म्हणजे या बारीक पाहण्याने जीव वाचले आहेत. 'मारायचे यंत्र' एवढे म्हणून आईच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

पण मुलाला त्यात जे आवडते, ते सौंदर्य आहे. स्पिटफायरच्या पंखाची ती लंबगोल रेघ कोणालाही आवडावी. आर. जे. मिचेल यांच्या हाताखाली हे विमान तयार झाले, ते मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडाले. पंख पातळ हवा, तरी त्यात चाके आणि बंदुका मावायला हव्यात, या गरजेतून तो आकार आला. सुरुवातीच्या विमानांत त्या सुंदर पंखांत आठ मशीनगन होत्या. सौंदर्य बाजूला काढून बंदुका टाकून द्याव्यात, असे इथे करता येत नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना एक भेद आम्ही घोकला होता. कौशल्य हे केलेल्या वस्तूच्या चांगुलपणाकडे पाहते. विवेक हा करणाऱ्या माणसाच्या चांगुलपणाकडे. सुतार वाईट असूनही खुर्ची चांगली होऊ शकते. मुलाचे विमान चांगले झाले आहे, यात शंका नाही. ते करताना मुलगा कसा घडतो आहे, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्या सर्वांचा आहे. मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. टीव्हीसमोर बसून आपणही विमाने मोजत होतो: त्यांची किती पडली, आपली किती. आत कोण होते, हे किती जणांनी विचारले?

शिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारे नसतात, नुसती चौकट. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही कुलपाविना. त्या गावाची श्रद्धा आपल्याहून वेगळी; पण त्या चौकटीतून जाताना आमच्या मनात येते, की दाराचे कामही आपला-परका ओळखण्याचेच. ती ओळख लागते. आकाशात तर फारच लागते. पण तेवढ्यावर थांबलो, तर आपल्याला फक्त खुणा दिसतात.

गेल्या आठवड्यात पुन्हा तिथे गेलो. विमान खाली उतरवलेले होते आणि आजोबा नातवाजवळ बसले होते. त्यांनी त्याला एवढेच विचारले होते, "हे चालवतंय कोण?" वैमानिकाची जागा रिकामी होती. काच नीट बसावी म्हणून मुलाने तो बसवलाच नव्हता. मग त्याने खोके धुंडाळले. वैमानिक अजून चौकटीलाच चिकटलेला सापडला. मुलाने तो सोडवला, चेहरा रंगवला, काच उचकटून आत बसवला. काच आता किंचित तिरपी बसली आहे.

आईला आम्ही म्हणालो, "ताई, टांगू द्या. क्रुसासमोरच असू द्या." त्या माउलीचे पूर्ण समाधान झाले, असे नाही. आजोबांचेही नाही. निघताना ते नातवाला म्हणाले, "आणि याच्यासमोरच्या विमानातला? तो कुठल्या खोक्यात मिळतो?"

मुलाकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. या रविवारी मिस्सानंतर घरी जाताना आपणही त्याचा विचार करावा, ही विनंती.

आपले धर्मगुरू