पाठीमागचा माणूस

चि. केतकीस,


ताईकडून कळलं, की सार्वजनिक आरोग्याचा पेपर तुला निव्वळ कटकट वाटतो. "मला पाठी बऱ्या करायच्यात, गटारं आणि लशी मोजायच्या नाहीत," असं म्हणालीस म्हणे. माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच गटारांत आणि लशींत गेली, तेव्हा थोडं ऐकून घे.

तुमच्या कायरोप्रॅक्टिक शास्त्राचे जनक डी. डी. पामर यांनी १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टला पहिल्यांदा मणका बसवला, आणि पुढे लिहून ठेवलं की शंभरातले ९५ रोग मणके सरकल्यामुळे होतात. १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली. त्याच वर्षी इकडे भायखळ्याला हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पामर मात्र लसीकरणाच्या विरोधातच राहिले. त्याचे पडसाद बरेच टिकले. १९९९-२००० मध्ये टोरंटोतल्या तुमच्याच विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. पहिल्या वर्षाची साधारण ६० टक्के मुलं लसीकरणाच्या बाजूची निघाली, चौथ्या वर्षाची जेमतेम ४०. वर्ग वेगवेगळे होते आणि गोष्ट जुनी आहे, हे मान्य. तरी शिकत गेल्यावर विश्वास वाढायला हवा होता ना?

'वेलनेस'चा तुला भारी उत्साह. असू दे. पण धडधाकट माणसाच्या गळ्यात वर्षभराचं पॅकेज मारणं म्हणजे आरोग्य राखणं नव्हे, तो धंदा झाला.

खरी गंमत पुढेच आहे. २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीवर व्यायाम, रुग्णशिक्षण यांच्याबरोबर मणक्यांवरच्या हस्तोपचारालाही जागा दिली. म्हणजे माणसं तुझ्याकडे येणारच, आणि पुन्हा पुन्हा येणार. आम्हाला ओपीडीत एका पेशंटला दोन मिनिटंही मिळायची नाहीत. तुझ्या टेबलावर माणूस निवांत पालथा पडलेला असतो, बोलत असतो. त्याला विडी-सिगारेटचं विचार. आजीबाई असेल तर घरात सरकणारी चटई आहे का, रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा असतो का, ते विचार; खुब्याचं हाड तिथेच मोडतं.

आमच्याकडे एक यंत्रमाग कामगार यायचा. पाठ धरलेली, हाडवैद्याकडून चोळून झालेली. आमच्या सिस्टरने सहज विचारलं, "संध्याकाळी अंग कोमट लागतं का?" लागत होतं. वजनही उतरलं होतं. मणक्याचा क्षय निघाला. अशा मणक्यावर कुणी जोर दिला असता तर? तिकडे परदेशात तुझ्याकडेही आपल्या देशातून आलेली माणसं येतील, आणि तो प्रश्न तुला सुचेल तो याच कटकटीच्या पेपरामुळे. कुणी लघवीवरचा ताबा सुटलाय म्हणाला, तर हात न लावता तडक इमर्जन्सीत धाड. लशीचं कुणी विचारलं, तर ऑन्टारिओत तो विषय तुमच्या अखत्यारीत नाही. मतं न पाजळता फॅमिली डॉक्टरकडे पाठव.

तेव्हा त्या तासाला मागच्या बाकावर मोबाईल घेऊन बसू नकोस. पुढे बस, आणि टिपणं मला पाठव. मला वाचायची आहेत.

तुझी,
मावशी