शुश्रूषा आणि कागदाची फुले

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाटात, जुन्या मध्यप्रांताच्या अमदानीपासून नांदणाऱ्या मराठी घरांतून, अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी एखादी सून गणेशोत्सवाच्या तोंडावर, औषधाची वेळ होईतो, मखरासाठी पतंगी कागदाची फुले कातरते, तेव्हा सेवाधर्मात तो प्रमाद मानावा काय? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सांगितलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीताप्रवचनांत बाह्य कर्माला चित्ताची जोड आवश्यक मानली आहे. ती तुटली की शुश्रूषा निव्वळ चाकरी उरते, आणि पाकळी कातरताना थकलेल्या मनाला लाभणारी एकाग्रताच पुढे औषध पाजणाऱ्या हातांत मार्दव होऊन उतरते, अशी माझी श्रद्धा आहे. फुले नश्वर, हा आक्षेप मला मान्य नाही. मखरही अनंत चतुर्दशीनंतर उतरतेच. घरच्यांनी तेवढा वेळ रुग्णाजवळ स्वतः बसून तिला ही सवड द्यावी, नव्हे, तो तिचा हक्कच समजावा.