जागा आधी, नाटक मग

सांगली-साताऱ्यातल्या तरुण नाटकवाल्यांशी गप्पा सुरू झाल्या की विषय हमखास नाट्यगृहाच्या भाड्यावर येतो. भाडं, लाइट, साउंड, नेपथ्याचा टेम्पो, आणि एवढा खटाटोप करून राज्य नाट्य स्पर्धेतला एक प्रयोग. स्पर्धा संपली की नाटकही संपतं. महिनोन्‌महिने तालमी केलेली माणसं आपापल्या नोकरीधंद्याला लागतात. मग कुणीतरी सुचवतं, गच्चीवर करू, शाळेच्या हॉलमध्ये करू, नाहीतर शॉर्टफिल्मच करू. हे सुचवताना सूर तडजोडीचा असतो. नाट्यगृह परवडत नाही म्हणून गच्ची, सिनेमा परवडत नाही म्हणून शॉर्टफिल्म. माझा आक्षेप या सुराला आहे. ज्या मुलखात आपण हे बोलतो, तिथे नाटक नाट्यगृहाच्या कितीतरी आधी आलं आणि नाट्यगृहाबाहेरच मोठं झालं. पडद्याची चौकट ही या भागातली उशिराची सोय आहे. तिला मूळ मानून बाकी सगळ्या जागांना दुय्यम ठरवायचं कारण नाही.

सांगलीचाच दाखला घ्या. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचा खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी दरबारातल्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झालं ते राजवाड्यात. सांगलीत तेव्हा नाट्यगृह नव्हतं. ज्या दिवसाला आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो, तो नाट्यगृहाशिवायच्या प्रयोगाचा दिवस आहे. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय सुटला आणि मंडळीला पोटासाठी गावोगाव फिरावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग झाला, तेव्हा सांगलीतल्या पहिल्या खेळाला नऊ वर्षं होऊन गेली होती. आज सांगलीत भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे आणि ते असायलाच हवं. पण भाव्यांचा वारसा फक्त त्या इमारतीत शोधला, तर त्यांनी नेमकं काय केलं ते आपल्या हातून निसटतं. दक्षिणेकडचा एक खेळ त्यांनी पाहिला, समोर होती त्या जागेत आणि समोर होत्या त्या माणसांसाठी तो नव्याने घडवला.

दरबारापलीकडे, गावकुसात आणि माळावर, हे शहाणपण आणखी जुनं आहे. ज्ञानेश्वरांची पालखी फलटण तालुक्यात तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला येते, तिथे उभं रिंगण होतं. वारकरी समोरासमोर दोन रांगा धरतात, मधली वाट मोकळी सोडतात आणि त्या वाटेने अश्व धावतो. मांडव नाही, आसनक्रमांक नाही, तरी कुठे उभं राहायचं ते हजारोंना कळतं. यात्रेतल्या तमाशाचंही तसंच. रात्री छबिना, सकाळी गावात हजेरी, दुपारी कुस्त्यांचं मैदान हा आपल्याकडच्या यात्रांचा क्रम. रात्री कनातीत तिकीट काढून बघितलेली मंडळी सकाळी उन्हात, बिनपडद्याची, हाताच्या अंतरावर दिसतात. रात्रीचा वग आणि सकाळची हजेरी एकाच फडाची, पण जागा बदलली की सवालजवाबाची धार बदलते, हशा वेगळ्या ठिकाणी पडतो. काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या फडांना ‘पर्यायी अवकाश’ असे शब्द लागत नव्हते. पुढच्या गावी पटांगण कसं आहे, वारं कुठून येतं, बायका कुठे बसणार हे विचारून ते कनात ठोकत.

या जिल्ह्यांत नाटक रस्त्यावर आलं ते गरजेपोटी, आणि त्या गरजेला विचाराचं बळ होतं. सत्यशोधक जलसे साताऱ्याच्या खेड्यांतून फिरले, कारण त्यांना ज्या शेतकऱ्याशी बोलायचं होतं तो शहरातल्या थिएटरात येणार नव्हता. प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांचा पोवाडा गावच्या चौकातच व्हायचा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईला गेले आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांनी तमाशाचा बाज कामगारवस्तीत, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत नेला. जागा आणि आशय त्यांच्यासाठी वेगळे नव्हतेच. गिरणीच्या दारात करायचं लोकनाट्य गिरणीच्या मालकाबद्दलच असणार.

हा धागा आपल्या काळात साताऱ्यानेच पुन्हा हाती घेतला, आणि फार मोठी किंमत मोजून. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. साताऱ्याचा हा डॉक्टर आयुष्यभर गावोगाव, शाळाशाळांत बोलत फिरला होता. त्यांच्या पश्चात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्य उभं केलं. मोजकं सामान, प्रेक्षक भोवती गोल बसलेले आणि मध्ये नट म्हणून कार्यकर्तेच. पेठे यांनी त्याआधी २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ केलं होतं. नट कोण, हा प्रश्न तिथे आधीच सुटला होता. रिंगणनाट्याने कुठे हा प्रश्नही सोडवला. ज्या माणसाला बोलता बोलता गप्प केलं गेलं, त्याचं बोलणं चौकात, शाळेच्या मैदानात, लोकांच्या मधोमध उभं राहून पुढे न्यायचं. याला कुणी प्रचारनाट्य म्हणून बाजूला सारतं तेव्हा मला वाईट वाटतं. चारही बाजूंनी माणसं असताना उभं राहणं ही अभिनयाची फार कठीण परीक्षा आहे. नटाची पाठ सतत कुणाकडे तरी असते. आवाज एका दिशेला फेकून भागत नाही. चूक लपवायला विंग नाही. आणि दार नसल्यामुळे धोकाही थेट अंगावर येतो. १९८९ च्या पहिल्या दिवशी दिल्लीजवळ साहिबाबादला पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले, हे मोकळ्या जागेत नाटक करणाऱ्या कुणालाही विसरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की जागा आधी निवडावी आणि नाटक तिच्यातून लिहावं. नाट्यगृहासाठी लिहिलेली दिवाणखान्याची गोष्ट उचलून वाड्याच्या चौकात ठेवली की वाडा नुसतं महागडं नेपथ्य होतो. याउलट, सांगलीत महापुरावरचं नाटक ज्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे त्या घरात, वीसपंचवीस माणसांना जमिनीवर बसवून केलं, तर नटाला पुराचं वर्णन करावंच लागणार नाही. बोलणं सरळ त्या घरातल्या माणसांवर येईल. आधी काय उचललं, काय राहिलं, जनावरं कोणी सोडली. हरिपूरच्या पेवांत एके काळी हळद साठायची, ती जमीन अजून तिथेच आहे. तासगावकडचे बेदाण्याचे शेड द्राक्षाचा हंगाम सरला की रिकामे असतात. या जागांना स्वतःची वेळ असते, स्वतःचं काम असतं, आणि नाटकवाल्याने तेही शिकायला हवं. उसाची तोड चालू असताना कोण मोकळा असतो? शेतीपंपाला वीज रात्रीची असेल तर पाणी द्यायला गेलेला शेतकरी नऊच्या प्रयोगाला कसा येईल? प्रेक्षक येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या गटाने आधी ही दोन उत्तरं शोधावीत.

पण कुठलीच जागा मोकळी नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. देवळाच्या सभामंडपात प्रयोग ठेवला की गावातले काही लोक पायरीशी थांबतात, काही येतच नाहीत. एका वस्तीतल्या पारावर ठेवला तर दुसरी वस्ती तो आपला मानत नाही. समाजमंदिर कुणाच्या वस्तीत आहे, यावर कोण येणार ते ठरतं. चौकातला प्रयोग पुरुष पुढे उभे राहून बघतात आणि बायका दारातून, गच्चीवरून. ‘सगळ्यांसाठी खुलं’ असं फलकावर लिहून जात आणि पुरुषी सवय पुसली जात नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसेवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनी ते सोसलं होतं. आजच्या प्रायोगिक गटांत मात्र या प्रश्नाबद्दल फार कमी बोललं जातं. जागा निवडताना तिचा प्रकाश, भिंतींचा पोत, फोटो कसा येईल हे बघितलं जातं. तिच्या उंबऱ्याबाहेर कोण राहतं, हे आधी बघायला हवं. एकच नाटक दोन वस्त्यांत करणं, बायकांना जमेल अशी दुपारची वेळ धरणं, जवळ स्वच्छतागृह आहे का ते पाहणं ही प्रयोगाच्या व्यवस्थेतली किरकोळ कामं नव्हेत. दिग्दर्शनाचे निर्णय म्हणूनच ती घ्यायला हवीत.

शॉर्टफिल्मबाबत हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. वाई-मेणवलीचा घाट देशभर माहीत आहे. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘स्वदेस’मध्ये मेणवली चरणपूर झाली, ‘दबंग’मध्ये पुन्हा वाई उत्तर प्रदेशातलं गाव झाली. त्या चित्रीकरणांनी स्थानिकांना काम दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅमेरा इतक्या वेळा कृष्णेच्या काठावर येऊनही कृष्णाकाठचा माणूस त्यात मागून चालत गेलेला दिसतो. ही उणीव मोठ्या कंपन्या भरून काढणार नाहीत, तो त्यांचा धंदा नाही. ती छोट्या कॅमेऱ्याने भरून निघते. सांगलीच्या शेखर बापू रणखांबे यांच्या ‘रेखा’ला ६९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला. रस्त्याकडेला राहणाऱ्या, त्वचारोगाने त्रासलेल्या बाईला डॉक्टर आंघोळ करायला सांगतात आणि नवरा करू देत नाही, एवढ्याशा गोष्टीतून ती फिल्म आपल्याला रोज दिसणाऱ्या आणि आपण न पाहिलेल्या जगात नेते. तिथे रस्त्याची कड ही पार्श्वभूमी नाही, ती त्या बाईचं घर आहे. लोकेशन आणि जागा यांतला फरक मला इथे दिसतो.

अशा कामाला पैसा कमी लागतो, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. सेट लागत नाही, पण माणसांचा वेळ लागतो, आणि तो फुकट समजला जातो. चळवळीतला कार्यकर्ता तो आपखुशीने देतो. नाटकावर जगू पाहणाऱ्या मुलीने तो किती वर्षं द्यावा? प्रयोगानंतर झोळी फिरवायला लाजू नये, आणि यात्रा कमिट्यांनी ऑर्केस्ट्राच्या बिदागीतला एक हिस्सा तालुक्यातल्या नाटकाला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. कागदपत्रांची अडचण तर आहेच. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. वीस माणसांपुढे घरात होणाऱ्या प्रयोगाला हाच नियम लावणं कुणालाही पटण्यासारखं नाही.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’ने जी चळवळ चालवली, तिचं कौतुक करताना आपण विजय तेंडुलकर, सुलभा आणि अरविंद देशपांडे यांची नावं घेतो. एका शाळेने आपला हॉल दिला, हे मात्र घाईत सांगून टाकतो. पुढे ती जागा गेल्यावर ‘आविष्कार’ला माहीमच्या महापालिका शाळेत आसरा मिळाला. जागा देणारी संस्था नसती, तर ती नाटकंही झाली नसती. सातारा-सांगलीत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, नगरवाचनालयं आहेत, समाजमंदिरं, बाजार समित्यांचे सेलहॉल आणि साखर कारखान्यांची सभागृहं आहेत. संध्याकाळी सातनंतर त्यांतली बहुतेक कुलूपबंद असतात. दोन्ही जिल्हा परिषदांनी आणि नगरपालिकांनी अशा जागांची यादी जाहीर करावी, परवडेल असं एकच भाडं ठरवावं आणि अर्ज केलेल्या गटाला संध्याकाळी सातनंतर किल्ली द्यावी.